चारशे पट लहान

मी शहर कापते.
निळा फोम, गरम तार, एकास चारशे हे माप.
तार आत शिरते तेव्हा जळक्या प्लास्टिकचा
गोडसर वास येतो, केसांतून तो रविवारपर्यंत जात नाही.
आज पोस्ट झालं, दोन शाळा झाल्या,
बुसानच्या बंदराकडचा गोदामांचा पट्टा,
मासळी बाजाराचं लांबडं छप्पर
(ते दोनदा तुटलं).
सगळं लाकडी तबकडीवर चिकटवलं.
मधे एक चौकोन रिकामा ठेवला.

त्या चौकोनात मनोरा येतो. बहात्तर मजले,
माझ्या मापात सत्तर सेंटिमीटर.
अंगभर पाचशे भोकं, भोकाभोकाला नळी,
पोटात नुसत्या शेवया.
बाहेरून मात्र गुळगुळीत, कोपरे सुरीसारखे.

वारा वाहील तशी पाठ द्यावी, असं म्हणतात.
इथे बोगद्यात वारा एकाच बाजूनं येतो,
आम्ही शहराचीच पाठ फिरवतो:
दहा अंश, थांबा, मोजा.
पुन्हा दहा अंश.
छत्तीस वेळा.

शेंडा किती डोलेल, काचा किती सोसतील,
हे सगळे आधी बघतात.
मी तळाचे आकडे बघते.
सदतीस नंबरची पिन बस थांब्याच्या कोपऱ्यावर आहे.
तिथे मालसुन मावशी बसते,
जाळीवर चपटे मासे पसरून, बुटक्या स्टुलावर.
माझ्या मापात ती उभी राहिली तर साडेतीन मिलिमीटर.
बसली की तांदळाची कणी.

नैर्ऋत्येचा वारा चाळिसाव्या मजल्याला धडकतो,
पुढे वाट नसते, मग भिंतीवरून घसरत खाली येतो,
कोपऱ्याशी वळतो
आणि वळताना वेग घेतो.
तक्ता सांगतो, ठिकाण सदतीस:
बसण्यास अयोग्य. उभं राहण्यास अयोग्य. चालण्यास ठीक.
म्हणजे मावशीनं तिथून जावं,
थांबू नये.
तिला वाऱ्यावर सोडलं असं कुठेच लिहीत नाहीत,
‘श्रेणी चार’ लिहितात.

बैठकीत गुक साहेब म्हणाले, कोपरा दोन मीटर छाटा.
आर्किटेक्टनं पेन्सिल खाली ठेवली.
दोन मीटर गुणिले बहात्तर,
आणि प्रत्येक दिवाणखान्यातून नेमका तिथूनच समुद्र दिसतो.
कोणीतरी म्हणालं, झाडं लावू.
मी स्पंजची अकरा झाडं लावली.
वारा त्यांच्या बुंध्यांमधून निघून गेला.
मग काचेचं छत. मग पुन्हा कोपरा.
मंगळवारी घासाघीस संपली ती एक मीटर दहावर.

बाजारात जुडी घेतानाही असंच होतं, मला वाटलं,
पण मी काही बोलले नाही,
मॉडेलवालीला बैठकीत पाणी देतात, मत विचारत नाहीत.

मी कोपरा घासला. पॉलिश पेपर, मग त्याहून बारीक.
पुन्हा छत्तीस वेळा.
सदतीस: उभं राहण्यास योग्य.
बसण्याचा आकडा रेषेवर,
अगदी रेषेवर, हात लावला तर कुठेही पडेल.

सगळे गेल्यावर डब्यातला उरलेला भात उघडला,
एक शीत मोडलं
आणि पिनेशेजारी टेकवलं.
नियमात असलं काही बसत नाही.
पंखा सुरू केला. शीत चिकट होतं, हललं नाही,
यातून काहीच सिद्ध होत नाही.

रात्री मावशीला फोनवर सांगितलं:
तुझ्या कोपऱ्याचा वारा आम्ही कमी केला.
ती बराच वेळ गप्प.
मागे तिचा कुकर शिटी देत होता.
“कमी म्हणजे किती, योन्जू?” तिनं विचारलं.
“मासे वाळायला हवेत ना गं.
थोडा तरी ठेवलास की नाही?”

तिला सांगायला माझ्याकडे
दशांश चिन्हानंतरचे तीन आकडे होते.
मी म्हटलं, उद्या पुन्हा मोजते.